गोंधळात रॅप घालायचाय? आधी संबळवाल्याशी बोला

फिरोदिया करंडकाचा (पुण्यातली कॉलेजांची नाट्यस्पर्धा) सीझन जवळ आला की कोणी ना कोणी विचारतंच, "आम्हाला फोक प्लस हिपहॉप असं काहीतरी म्युझिकल करायचंय, सुरुवात कुठनं करू?" आणि बहुतेकांनी सुरुवात ऑलरेडी केलेली असते. गोंधळाचा एक ट्रॅक घेतलाय, खाली लॅपटॉपवर जाड बेस टाकलाय, मधे दोनदा रॅपर येऊन जातो आणि पोस्टरवर नऊवारी, गॉगल, स्नीकर्स. हे पोस्टर आता खरंच बघवत नाही. असल्या प्रयोगाला पहिली दहा मिनिटं शिट्ट्या पडतात, नंतर लोक मोबाईल काढतात, कारण आवाज नवा असतो पण पुढं काय होणार याची उत्सुकता कुठंच नसते.

खाली लिहितोय ते तास-सव्वा तासाच्या, आठ-दहा माणसांच्या प्रयोगासाठी आहे, कॉलेजचा ग्रुप असो नाहीतर हौशी संस्था. उदाहरण गोंधळाचं घेतलंय. तमाशा, भारूड, दशावतार घेतलात तर तपशील बदलतील पण कामाचा क्रम साधारण हाच.

पहिलं म्हणजे लोककलेचा आवाज उचलू नका, सांगाडा उचला. गोंधळात काय काय असतं बघा. चौक मांडतात, देवीची स्थापना होते, मग गावोगावच्या देवांना एकेक करून बोलावणं, गण म्हणजे गणपतीचं स्तवन, मग आख्यान आणि शेवटी आरती. आख्यान नाईक सांगतो आणि त्याच्या शेजारचा झिलकरी त्याला सरळ सांगू देत नाही, मधेच प्रश्न विचारतो, शंका काढतो, फाटे फोडतो, ओळ उचलून धरतो. म्हणजे सांगणारा आणि अडवणारा अशी जोडी तुम्हाला आयती मिळाली. प्रेक्षकाच्या मनात जे येतं ते झिलकरी स्टेजवरच बोलून टाकतो. हे सगळं सोडून फक्त संबळाचा, म्हणजे गोंधळातल्या त्या जोडवाद्याचा, आवाज घेतलात तर हातात उरतं काय.

सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण'चं उदाहरण मी प्रत्येकाला देतो. १९७४ सालचं नाटक. त्यात मेलेला माणूस उठून स्वतःच्याच मरणाचं कीर्तन करतो. कीर्तन तिथं अधूनमधून येणारं गाणं नाहीये, नाटक उभंच कीर्तनावर आहे. ते काढलं तर नाटक शिल्लक राहत नाही. तुमच्या स्क्रिप्टला हीच टेस्ट लावा, गोंधळ काढून टाकला तरी गोष्ट तशीच चालत असेल तर तो सजावटीपुरता आहे, परत लिहायला बसा.

आता गोष्ट. पुराणातलं आख्यान घेऊ शकता, आणि ते कमी नाही अजिबात. विठ्ठल उमपांनी 'जांभूळ आख्यान' मोठमोठ्या नाट्यगृहांत उभं केलं, द्रौपदी आणि कर्णाची गोष्ट आणि लोक खिळून बसायचे. पण नव्या आवाजाला जागा हवी असेल तर आजचा विषय सोपा जातो. समजा पाण्याच्या टँकरचं आख्यान घेतलं. पुण्याच्या कडेला बारा मजली सोसायटी, नळाला पाणी नाही, टँकर कधी येतो कधी नाही. टँकर हाच नायक, त्याची वाट बघणं हेच आख्यान. मग देवांना बोलावण्याच्या जागी काय येईल बघा:

कोपऱ्यावरच्या टँकरा, गोंधळाला ये
गच्चीवरच्या टाकी गं, गोंधळाला ये
चेअरमनच्या व्हॉल्व्हा रं, गोंधळाला ये

लोक हसतात, लगेच कळतं की चाल कुठली आणि चिमटा कुणाला. पण हे लिहून झाल्यावर थांबा आणि ज्या गोंधळ्याबरोबर काम करताय त्याला वाचून दाखवा. तुमच्यासाठी तो फॉर्म असेल, त्याच्यासाठी घराण्यात चालत आलेलं देवीचं काम आहे आणि तो उद्या कुणाच्या तरी लग्नानंतर खरा गोंधळ घालणार आहे. बऱ्याचदा सरळ मार्ग निघतो, म्हणजे असं की पहिली फेरी खऱ्या देवांची, जशी आहे तशी, त्यात एक शब्द बदलायचा नाही, आणि मग दुसऱ्या फेरीत टँकर. नाटक म्हणूनही हेच जास्त चांगलं लागतं, कारण तुळजापूर, कोल्हापूर, माहूर असं ऐकत कान तयार झाल्यावर टँकर आला की फटका बसतो. तो नाही म्हणाला तर मात्र घालायचं नाही, गुपचूप तर अजिबात नाही.

मॉडर्न संगीत कुठं आणायचं? तर जिथं त्याला काम असेल तिथं. १९७८ ला थिएटर अकॅडमीनं पुलंचं 'तीन पैशाचा तमाशा' केलं, मूळ ब्रेख्तचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, आणि मुख्य भूमिकेत नंदू भेंडे, रॉक गाणारा माणूस. त्याच्या तोंडी ते संगीत त्या पात्राचं म्हणून आलं. आपल्या टँकरमध्ये मी रॅपरला झिलकऱ्याची जागा देईन. नाईक जुन्या पद्धतीनं सांगतोय आणि बाराव्या मजल्यावर ऑर्डर द्यायला आलेला डिलिव्हरी बॉय त्याला अडवतोय, तो रॅप. मग दोन सोलो आलटून-पालटून होत नाहीत, भांडण होतं. गिटारचं डिस्टॉर्शन बोअरच्या मोटरला द्या, कोरडी चालतेय, कण्हतेय. टँकर रिव्हर्स घेताना वाजणारं टुंग टुंग सिंथवर घ्या आणि त्याच सुरावर तुणतुणं लावा, म्हणजे टँकर दिसायच्या आधी ऐकू येतो. ज्या आवाजाला असं काम सापडत नाही तो कितीही भारी असला तरी बाहेर. सॅक्सोफोनवाला मित्र आहे म्हणून सॅक्सोफोन, असं करू नका बाबांनो.

तालाचा भाग जरा निवांत वाचा, कारण निम्मे प्रयोग इथंच झोपतात.

गोंधळाच्या बऱ्याच चाली सहाच्या आहेत, म्हणजे एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. तुमच्या लॅपटॉपवरचे तयार बीट्स बहुतेक सगळे चाराचे. संबळाखाली तसाच बीट लावला की पहिली ओळ कशीबशी जाते, दुसऱ्या ओळीला संबळवाला तुमच्याकडं बघायला लागतो, आणि मग चांगला असेल तर तोच बिचारा स्वतःची चाल मोडून चारात वाजवतो आणि तुम्हाला वाटतं फ्युजन जमलं. झालं एवढंच की गोंधळ गेला. याच्या उलट करा. संबळाचे मोठे ठोके मोजा, तीन-तीनच्या गटाचा एक मोठा ठोका, असे चार ठोके म्हणजे तुमचा एक बार. हे मोठे ठोके मिनिटाला १४० च्या आसपास पडत असतील तर खालचा बीट निम्म्यानं ठेवा, ७० चा वाटेल असा, किक आणि स्नेअर हे ड्रमचे ठोके लांब लांब, मधली जागा संबळाला मोकळी. ट्रॅपमध्ये हायहॅट तीन-तीनात धावतातच की, ते इथं फुकटात बसतात. आणि रॅपरनं पण तीन-तीनात बोलायचं, मराठी त्यात छान बसते:

टाकीला कुलूप नि किल्ली ती कुणाकडं
चेअरमन सांगतो सेक्रेटरीकडं
बिल्डरच्या ब्रोशरमधे होता स्विमिंग पूल
बादली घेऊन लायनीत आख्खं कूळ

पहिल्या दोन ओळी तीन-तीनात पळतात, पुढच्या दोन मुद्दाम मोकळ्या सोडल्यात, तिथं रॅपरनं बीटच्या मागं रेंगाळायचं. नुसतं वाचून कळणार नाही, टाळी देत म्हणून बघा. लावणीच्या ढोलकीचा ठेका आठचा असेल तर हा प्रश्न येत नाही, तो मिनिटाला ९० ठोक्यांच्या नेहमीच्या हिपहॉपवर बसतो. म्हणून नवख्यांनी लावणीपासून सुरू केलं तरी चालेल.

आता क्लिक ट्रॅक, म्हणजे लय धरायला कानात वाजणारी ठराविक टकटक. रॉकच्या पोरांना कानात क्लिक हवा असतो आणि लोककलाकाराची लय चढत जाते, आख्यान रंगात आलं की ती चढलीच पाहिजे, पोवाड्यात तर चढती लय हेच सगळं आहे. पूर्ण प्रयोग क्लिकला बांधलात तर तो रंग कधीच चढणार नाही. त्यामुळं लांब बॅकिंग ट्रॅक ठेवूच नका. छोटे छोटे तुकडे करून सँपलर पॅडवर टाका, एकेका बारचे, आणि पॅडवर बसणारा माणूस असा निवडा जो स्वतः तालवाद्य वाजवतो, कारण त्याचं काम संबळवाल्याच्या हाताकडं बघत तुकडे टाकणं हे आहे. ज्या एक-दोन ठिकाणी लय पक्की आहे, उदाहरणार्थ मोटरचं गाणं, तिथं क्लिक ड्रमरच्या कानात द्या आणि गाणं संपलं की बंद. लय कोण धरणार हे पहिल्या तालमीलाच सगळ्यांसमोर सांगून टाका, आणि ते नाव संबळवाल्याचं असू दे.

सूर. बरेच लोककलाकार काळ्या पट्टीत गातात, म्हणजे पेटीची एखादी काळी पट्टी हा त्यांचा सा, आणि गिटारवाल्याचं पहिलं वाक्य असतं "ई मध्ये घेऊया ना". घेऊया नाही. वर्षानुवर्षं ज्या पट्टीत गळा फिरलाय तिथून अर्धा सूर हलवला तरी तान बिघडते. कापो, म्हणजे गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा, तो लावायचा, दोन सेकंदांचं काम आहे. पहिल्या पडद्यावर कापो लावून सी चे आकार वाजवले की काळी एक, डी चे वाजवले की काळी दोन, जी चे की काळी चार, ए चे की काळी पाच. काळी तीन हवी तर दुसऱ्या पडद्यावर कापो आणि ई चे आकार. कीबोर्डला ट्रान्सपोज असतंच. आणि कॉर्ड्स कमी टाका. या चाली तीन-चार सुरांत फिरणाऱ्या असतात, त्याखाली चार ओळीत आठ कॉर्ड घातल्या की ते लगेच जाहिरातीच्या जिंगलसारखं वाजायला लागतं. षड्ज-पंचम म्हणजे सा आणि प धरून ठेवा, रॉकची पॉवर कॉर्ड नेमकी तीच असते, तिच्यात गंधार नसतो त्यामुळं गाणाऱ्यानं कोमल लावला काय नि शुद्ध लावला काय, भांडण होत नाही.

तालमीचं वेळापत्रक कलाकाराच्या सीझनवर ठरतं, तुमच्या सबमिशनवर नाही. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली की गोंधळी मंडळी रात्र-रात्र बाहेर, नवरात्रात तर नावच काढू नका. तमाशाचे फड दसऱ्याला बाहेर पडतात ते उन्हाळ्यापर्यंत फिरतच असतात. म्हणजे निवांत वेळ मिळतो तो आषाढीनंतर, नवरात्राच्या आधी. नेमका पावसाळा, आणि पावसाळ्यात चामडं सैल पडतं. हलगी तर शेकल्याशिवाय बोलत नाही. तालमीच्या हॉलमध्ये शेकोटी पेटवू देणार नाहीत, तर हॅलोजनचा दिवा नाहीतर हेअर ड्रायर ठेवा, ड्रायर लांबून फिरवायचा, एका जागी धरला तर पान तडकतं. फायबरच्या पानाच्या हलग्या मिळतात, तालमीला ठीक, प्रयोगाला मला तरी तो आवाज पत्र्याचा वाटतो. नाट्यगृहात एसी आणि लाइट्स यांच्यामधे ढोलकीचा सूर पण फिरतो, म्हणून एसी प्रयोगाला जसा असेल तसा आधीपासूनच चालू करून मगच सूर लावा.

शिकवणं-शिकणं सगळं ऐकून होणार, स्वरलिपीचा कागद कुणी बघणार नाही. प्रत्येक तालमीचं रेकॉर्डिंग व्हॉट्सअॅपवर टाका. पहिल्या काही तालमींत लॅपटॉप बंद ठेवा आणि रॅपरला नुसता संबळ आणि तुणतुण्यावर बोलायला लावा. त्याची गाडी तिथं चालली तर बाकी सगळं पुढं जमतं, आणि नाही चालली तर बीट टाकून ते लपवता येत नाही.

स्टेजवर एक गोष्ट आपोआप तुमच्या बाजूनं आहे. संबळ कमरेला बांधलेला, हलगी खांद्याला, तुणतुणं हातात, म्हणजे लोकवाद्यं सगळी चालती-फिरती, आणि रॉक बँड वायरींना बांधलेला. मग बँड मागं एका बाजूला घट्ट बसवा, सोसायटीच्या मीटर रूमसारखा, आणि पुढची सगळी जमीन गोंधळ्यांना द्या. नाईक आणि साथीदार पुढं येतात, मागं जातात, फेर धरतात, ती मूळची हालचालच तुमचं ब्लॉकिंग, म्हणजे कुणी कधी कुठं जायचं ते. वेगळा कोरिओग्राफर आणून त्यांना स्टेप शिकवायला जाऊ नका. रॅपर मागं बँडपाशी सुरू होईल आणि भांडण वाढेल तसा पुढं सरकत गोंधळ्यांच्या फेरात शिरेल, एवढी एक रेघ आख्ख्या प्रयोगाला पुरते.

वेशभूषेत एकच सांगतो, वाघ्या वेगळा आणि गोंधळी वेगळा. भंडारा, कोटंबा (भिक्षेचं पात्र), दिमडी, घोळ (घंटेसारखं वाद्य) हे खंडोबाच्या वाघ्या-मुरळीकडं. कवड्यांची माळ, संबळ हे देवीच्या गोंधळ्यांकडं. जागरण-गोंधळ एकत्र म्हणायची सवय आहे म्हणून सगळं एकाच माणसाच्या अंगावर चढवतात आणि जाणकार माणूस पहिल्या मिनिटाला उठून जातो. भंडारा उधळायचाच असेल तर नाट्यगृहाला आधी विचारा, आणि मिक्सर-लॅपटॉपवर कापड टाका, ती हळद फेडरमध्ये जाऊन बसली की निघत नाही.

दिवटीचा, म्हणजे हातातल्या मशालीचा, खरा जाळ बंद नाट्यगृहात करू देत नाहीत आणि बरोबर आहे ते. पितळेच्या दिवटीत बॅटरीवरचा लुकलुकणारा एलईडी बसवा, आजूबाजूचे लाइट्स पुरेसे खाली आणले तर चालून जातं. उघड्या मैदानात परवानगी घेऊन खरी पेटवा, तेल घालायला आणि बादली धरायला एक माणूस ठेवून.

साउंडवाल्याला आधी दोन तालमींना तरी बोलवा, कारण त्याची सवय लग्नाच्या ऑर्केस्ट्राची नाहीतर बोलक्या नाटकाची असते. छोट्या हॉलमध्ये संबळ आणि हलगीला माइक लागतच नाही, उलट ते गाणाऱ्यांच्या हेडसेटमध्ये घुसतात, त्यामुळं गाणं चालू असताना वाजवणारा गाणाऱ्याच्या तोंडासमोर नको, बाजूला. मोठ्या हॉलमध्ये संबळाला कॉर्डलेस क्लिप माइक, म्हणजे तो फिरू शकेल. ढोलकीला दोन माइक, शाईच्या बाजूला एक आणि खर्जाच्या बाजूला एक. तुणतुणं बिचारं सगळ्यात आधी गायब होतं, त्याला पिकअप चिकटवा आणि गाणाऱ्याच्या मॉनिटरमध्ये भरपूर द्या, त्याचा सगळा सूर त्यावर उभा असतो. लॅपटॉपचा बेस आणि संबळाचा खर्ज एकाच जागी भांडतात, तेव्हा बेस कापा. रॅपचे शब्द कळले नाहीत तर भांडणच कळत नाही, म्हणून रॅपर बोलत असताना संबळवाल्यानं एका हातानं वाजवायचं असं बसवून घ्या, मिक्सरवर कमी-जास्त करण्यापेक्षा ते कधीही चांगलं.

कागदपत्रं कंटाळवाणी आहेत पण करा. महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून पास करून घ्यावी लागते, ती आधीच पाठवून द्या, आदल्या आठवड्यात नाही. उघड्यावर करणार असाल तर पोलिसांची परवानगी, आणि रात्री दहानंतर स्पीकर बंद, त्यामुळं तिसरी घंटा वेळेवर झालीच पाहिजे. गाण्यांचं असं की परंपरेनं आलेली, कर्ता माहीत नसलेली चाल तुम्ही गाऊ शकता, पण तिचं कुणीतरी केलेलं रेकॉर्डिंग कापून सँपल म्हणून वापरायचं तर रेकॉर्डिंगच्या मालकाची परवानगी हवी. कवी माहीत असेल तर त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क चालू असतात. पठ्ठे बापूराव १९४५ ला गेले, त्यांची लावणी मोकळी आहे. अण्णाभाऊ साठे १९६९ ला गेले, म्हणजे २०२९ संपेपर्यंत विचारावं लागेल. वामनदादा कर्डक तर २००४ ला. "लोकगीतच आहे ते" असं म्हणून त्यांची गाणी सर्रास उचलतात, ती लोकगीतं नाहीत, लिहिणाऱ्याचं नाव आहे त्यांना.

पैसे. गोंधळ्याला गिटारवाल्याइतके तरी द्या, आणि तालमीचे सुद्धा, कारण तो एक सुपारी सोडून तुमच्याकडं येतोय. एसटीचं भाडं वेगळं, जेवण वेगळं, निम्मी रक्कम आधी. पोस्टरवर "पारंपरिक संगीत" एवढंच लिहून मोकळे होऊ नका, चाल ज्याच्याकडून घेतली त्याचं नाव संगीतकाराच्या शेजारी, त्याच साइजमध्ये. पुढं प्रयोग वाढले, कुणी पैसे देऊन बोलावलं तर त्याचा वाटा किती हे पहिल्या प्रयोगाच्या आधी कागदावर घ्या.

प्रयोगाच्या दिवशी साउंड चेकला लोकवाद्यं पहिली, ड्रम किट शेवटी. उलटं केलं तर ड्रमच्या हिशोबानं लेव्हल लागते आणि तुणतुण्याला जागाच राहत नाही. आवाहनाची फेरी साउंड चेकसाठी म्हणून अर्धवट म्हणायला लावू नका, बरेच गोंधळी म्हणणार नाहीत, त्याऐवजी आख्यानातला तुकडा घ्या. आणि प्रयोगानंतर रील टाकताना आवाहनाचा भाग हशाच्या तुकड्याला जोडून टाकायचा असेल तर आधी त्यांना फोनवर दाखवा. टँकरवाला भाग त्यांच्या गावच्या ग्रुपवर एकटा फिरला, मागचे देव कापून, तर उत्तरं त्यांना द्यावी लागतात, तुम्हाला नाही.